मोरजीच्या वाळूतले न ठरलेले जीव

नोव्हेंबर ते मार्च या काळात गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या मोरजीच्या टेंबवाड्यावर आणि मांद्रेच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण रात्री पाण्यातून वर येते. मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि मागे वळून न पाहता समुद्रात निघून जाते. हे दृश्य आता पुष्कळांनी पाहिले आहे, त्याची छायाचित्रेही भरपूर निघतात. त्यातला खरा चमत्कार मात्र छायाचित्रात येत नाही. त्या शंभर अंड्यांमध्ये त्या घटकेला एकही नर नसतो आणि एकही मादी नसते.

डिचोलीच्या बाजारातून खुडुक कोंबडीखाली ठेवायला अंडी आणली, तर त्यांतून कोंबडे किती आणि तलंगा किती निघणार हे अंडी घातली जाण्याआधीच गुणसूत्रांनी ठरवलेले असते. समुद्री कासवाला अशी लिंग ठरवणारी वेगळी गुणसूत्रेच नाहीत. अंड्यातला जीव काही आठवडे दोन्ही वाटा मोकळ्या ठेवून वाढतो आणि त्यातली कोणती धरायची हे वाळूच्या उबेवरून ठरते.

निर्णय न घेता वाढत राहणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे जीवशास्त्राला गेल्या चाळीसेक वर्षांत उमगले. ते उमगले कासवांकडून नव्हे, तर उंदराच्या आणि माणसाच्या भ्रूणातल्या मूलपेशींकडून. म्हणून मोरजीची गोष्ट नीट समजून घ्यायची, तर आधी त्या पेशींकडे जायला हवे.

माणसाचा भ्रूण पाच-सहा दिवसांचा असतो तेव्हा तो पेशींचा एक सूक्ष्म पोकळ गोळा असतो. बाहेरच्या थरापासून पुढे वार तयार होते. आत एका बाजूला थोड्या पेशींचा पुंजका असतो, आणि आपले सगळे शरीर त्यातून घडते. यातली कोणतीही पेशी मेंदूची होऊ शकते, हाडाची होऊ शकते, रक्ताची किंवा कातडीचीही. या गुणाला बहुक्षमता म्हणतात. भ्रूणात ती काही दिवसच टिकते. १९८१ मध्ये केंब्रिजला मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे, उंदराच्या भ्रूणातल्या या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या. बशीत त्या वर्षानुवर्षे विभागत राहिल्या, तरी त्यांची बहुक्षमता गेली नाही. याच त्या मूलपेशी. माणसाच्या पेशींबाबत हे जमायला १९९८ साल उजाडले. ते काम विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांचे.

यकृताच्या पेशीत आणि या मूलपेशीत डीएनए तोच असतो, जनुकेही तीच, वीस हजारांच्या आसपास. फरक पडतो तो कोणते जनुक चालू आहे, कोणते बंद आहे आणि किती चालू आहे यामुळे. यातला ‘किती’ फार महत्त्वाचा. मूलपेशीत ऑक्ट४ नावाचे एक प्रथिन असते. दुसऱ्या जनुकांवर बसून त्यांना चालवणे हे त्याचे काम. २००० मध्ये हितोशी निवा, जुन-इची मियाझाकी आणि ऑस्टिन स्मिथ यांनी उंदराच्या मूलपेशींत या एकाच प्रथिनाचे प्रमाण कमीजास्त करून पाहिले. ते निम्म्यापेक्षा खाली गेले तेव्हा पेशी वारेच्या वाटेला लागल्या. दुपटीपेक्षा कमी वाढले तरी त्या भ्रूणाच्या आतल्या थरांकडे वळल्या. मधल्या अरुंद पट्ट्यात प्रमाण राहिले तरच पेशी काहीही न ठरवता थांबून राहिल्या. मूलपेशीचे सगळे भवितव्य एका प्रथिनाच्या मात्रेत तोलले जाते, हे या प्रयोगाने इतक्या स्वच्छपणे दाखवले की तो वाचताना आजही अंगावर काटा येतो.

ही मात्रा सांभाळते कोण, तर ऑक्ट४ स्वतः आणि त्याचे दोन सोबती, सॉक्स२ आणि नॅनॉग. ही तिन्ही प्रथिने एकमेकांच्या जनुकांवर बसतात आणि स्वतःच्याही. २००५ मध्ये अमेरिकेत रिचर्ड यंग यांच्या प्रयोगशाळेने माणसाच्या मूलपेशींत ती कुठे कुठे बसतात याचा नकाशा काढला, तेव्हा किमान ३५३ जनुकांवर तिघेही एकत्र सापडले. त्यातल्या काही जनुकांना ती चालू ठेवतात. पण ज्यांच्यामुळे पेशी मज्जापेशी किंवा स्नायू होईल, अशा पुष्कळ जनुकांना ती गप्प ठेवतात. बहुक्षमता म्हणजे काहीच न घडण्याची अवस्था, असा समज या नकाशाने कायमचा मोडला.

गप्प ठेवायचे, पण कायमचे बंद करायचे नाही, हे कसे साधते? गोव्यातल्या वाचकाला हे मानशीच्या दारावरून चटकन कळेल. चापोरा नदीच्या आणि मांडवीच्या काठच्या खाजनात मानशीची दारे भरतीच्या खाऱ्या पाण्याला अडवून धरतात. त्यांना कुलूप नसते, दाब पालटला की ती उघडतात. मूलपेशीतल्या कितीतरी जनुकांची दारे अशीच असतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर एका ठरावीक जागी तीन मिथिल गट चिकटले की ते जनुक मिटते. दुसऱ्या एका जागी चिकटले की ते उघडायला तयार होते. २००६ मध्ये ब्रॅडली बर्नस्टाइन आणि एरिक लँडर यांच्या गटाने दाखवले की मूलपेशीत भवितव्य ठरवणाऱ्या जनुकांवर या दोन्ही खुणा एकाच वेळी असतात. जनुक मिटलेले असते आणि उघडायला सज्जही असते. पेशीने एक वाट धरली की एक खूण पुसली जाते. मिटवणारी खूण पुसण्यासाठी पेशीत खास प्रथिने असतात. त्यातल्या एकाचे नाव केडीएम६बी. हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे. ते आपल्याला पुन्हा वाळूत भेटणार आहे.

दुसरे लक्षात ठेवायचे नाव स्टॅट३. उंदराच्या मूलपेशी बशीत सांभाळताना त्यांच्या द्रवात लिफ नावाचे एक प्रथिन घालतात. लिफ पेशीच्या बाहेरच्या आवरणावर येऊन लागले की आत स्टॅट३ ला फॉस्फेट जोडला जातो. मग स्टॅट३ केंद्रकात शिरते आणि बहुक्षमता राखणारी जनुके चालवते. लिफ काढून घेतले की काही दिवसांत पेशी फुटतात, म्हणजे वेगवेगळ्या वाटांना लागतात. माणसाच्या मूलपेशींचे काम लिफवर भागत नाही, त्यांना दुसरे संदेश लागतात. त्यामुळे उंदरात जमले ते माणसात जमवायला सतरा वर्षे गेली, यात नवल नाही.

या कामात आपल्याकडच्या प्रयोगशाळांचा वाटा आहे आणि तो मराठीत फारसा सांगितला जात नाही. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले, हे सर्वांना माहीत असते. पुढे परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने, हिंदुजा यांच्यासह, मानवी भ्रूणीय मूलपेशींचे दोन वंश तयार केले आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांची नावे काइंड१ आणि काइंड२. मूलपेशींना बशीत आधाराला दुसऱ्या पेशींचे अंथरूण लागते. त्या काळी सर्रास उंदराच्या पेशी वापरत. परळच्या गटाने मानवी पेशींचे अंथरूण स्वतः तयार केले. त्याच वर्षी बेंगळूरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने उपचारासाठी निरुपयोगी ठरवलेल्या, कमी प्रतीच्या भ्रूणांमधून दोन वंश मिळवले. ज्या भ्रूणाचे मूल होण्याची आशा सोडली होती, त्याच्यात बहुक्षम पेशी जिवंत होत्या.

इनामदार यांच्याच प्रयोगशाळेने असृज नावाच्या प्रथिनावर काम केले आहे. फळमाशीच्या रक्तात आणि उंदराच्या मूलपेशीत, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन प्राण्यांत, ते एकच काम करते: स्टॅटच्या यंत्रणेला चालते ठेवते. असृज कमी केले की उंदराच्या मूलपेशीतले स्टॅट३ मंदावते आणि बहुक्षमता ढळू लागते, हे त्यांनी २०१३ मध्ये दाखवले. पुण्याच्या विद्यापीठ परिसरातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात दीपा सुब्रमण्यम यांच्या गटाने २०१९ मध्ये आणखी एक बाजू उलगडली. पेशीच्या आवरणावरची प्रथिने सतत आत ओढली जातात आणि पुन्हा बाहेर पाठवली जातात. या वाहतुकीत क्लॅथ्रिन नावाचे प्रथिन लागते. ते काढून टाकले तर बहुक्षमता राखणारे आणि मोडणारे संदेश यांच्यातला तोल जातो. केंद्रकातली जनुके सुस्थितीत असून भागत नाही. काठावरची ये-जाही नियमित चालावी लागते.

आता मोरजीकडे. कासविणीच्या पोटातच अंड्यांतली वाढ सुरू झालेली असते, पण एका टप्प्यावर येऊन ती थांबते. पेशींचे थर पडायला लागलेले असतात, बहुक्षमतेचे दिवस सरत आलेले असतात, आणि नेमक्या त्या वेळी भ्रूण स्तब्ध होतो. अंडवाहिनीत प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे सगळी अंडी एकाच टप्प्यावर थोपून राहतात, मग आईला किनाऱ्यावर यायला आठवडा लागो की दोन. अंडे वाळूत पडले, हवा लागली, की काही तासांत वाढ पुन्हा सुरू होते आणि भ्रूण कवचाला आतून चिकटतो. यानंतर अंडे उलटले किंवा फिरवले तर तो मरू शकतो. म्हणून घरटे हलवायचेच असेल तर ते पहिल्या काही तासांत, अंड्याची वरची बाजू वरच ठेवून हलवतात. कासवमित्र हे हातांनी शिकलेले असतात. त्यामागचे कारण असे सुंदर आहे.

पुढे मूत्रपिंडाजवळ पेशींची एक बारीक पट्टी तयार होते. हीच पुढे वृषण किंवा अंडाशय होणार. आपल्यातही गर्भाच्या सहाव्या आठवड्यापर्यंत अशीच दोन्हीकडे वळू शकणारी पट्टी असते. मुलग्यात वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक तिला वळवते. ते १९९० मध्ये सापडले. कासवाची पट्टी तापमानाची वाट पाहते. अंडी उबायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात आणि त्यांचा मधला एक तृतीयांश काळ निर्णायक असतो. ऑलिव्ह रिडलेमध्ये त्या काळात वाळू २७-२८ अंश सेल्सियसच्या आसपास राहिली तर नर होतात, ३२ अंशांना माद्या, आणि ३० अंशांच्या थोडे अलीकडे-पलीकडे दोन्ही. फक्त चार-पाच अंशांचा हा खेळ आहे. मगरीचेही तापमानावर ठरते, पण वेगळ्या तऱ्हेने: कुंभारजुव्याच्या कालव्यात दिसणाऱ्या मगरींच्या जातीत मधल्या तापमानाला नर निघतात आणि दोन्ही टोकांना माद्या.

तापमानाने लिंग ठरते हे प्रथम १९६६ मध्ये डाकारला मादलेन शार्निए यांनी एका सरड्यात पाहिले. भारतातल्या ऑलिव्ह रिडलेवर हे काम प्रियंवदा मोहंती-हेजमाडी आणि डायमंड यांनी केले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. अंडी ओडिशाच्या किनाऱ्यावरची होती. मोहंती-हेजमाडी या नामवंत ओडिसी नर्तकीही होत्या. त्यांचे आणखी एक काम इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बेडूकमाशाची शेपटी कापून त्याला अ जीवनसत्त्व दिले, तर शेपटीच्या जागी पाय उगवतात, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जगाला दाखवले. पेशींची वाट किती बदलता येते याचा इतका थरारक पुरावा भारतीय प्रयोगशाळेतून क्वचितच आला असेल.

वाळूची ऊब जनुकापर्यंत पोचते कशी, हे मात्र पन्नास वर्षे गूढ राहिले. ते उकलले लाल कानाच्या कासवात, ज्याची पिल्ले शहरांत काचेच्या टाक्यांत पाळतात. २०१८ मध्ये चीनमधल्या निंगबोच्या आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या कासवाची अंडी २६ अंशांना उबवली. त्या तापमानाला नर होतात. त्या भ्रूणांच्या पट्टीत केडीएम६बी भरपूर असते. ते डीएमआरटी१ नावाच्या जनुकावरची मिटवणारी खूण पुसते; ते जनुक उघडते आणि वृषण घडू लागते. शास्त्रज्ञांनी केडीएम६बी दाबून टाकले, तेव्हा नराच्या तापमानाला उबवूनही जगलेल्या भ्रूणांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक माद्या झाल्या. मूलपेशीत दारे उघडण्यासाठी लागणारेच हे प्रथिन इथे एका कासवाचे लिंग ठरवत होते.

दोन वर्षांनी, २०२० मध्ये, याच शास्त्रज्ञांनी एक पायरी मागे जाऊन पाहिले. उबदार तापमानाला पट्टीतल्या पेशींत कॅल्शियम शिरते, त्याने स्टॅट३ ला फॉस्फेट जोडला जातो, आणि हे जागे झालेले स्टॅट३ केडीएम६बीच्या जनुकावर जाऊन त्यालाच गप्प करते. मग डीएमआरटी१ मिटलेले राहते आणि अंडाशय घडते. उंदराच्या मूलपेशीला कोणतीही वाट धरू न देणारे स्टॅट३ कासवाला एक वाट धरायला लावते. निसर्गाने दोन्हीकडे हत्यारे तीच वापरली आहेत. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात मोठी गोष्ट ही आहे. जनुकांच्या नियंत्रणात ‘बहुक्षमतेचे प्रथिन’ किंवा ‘मादीचे प्रथिन’ असे काही नसते. तेच मोजके कामकरी वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या जनुकांवर बसतात, आणि कोणत्या पेशीत, कोणत्या घटकेला, कुणाच्या सोबतीने, यावर अर्थ ठरतो.

एकदा ठरले की ठरले, असेही नाही. २००९ मध्ये प्रौढ उंदरिणीच्या अंडाशयातून फॉक्सएल२ हे एक जनुक काढून टाकले, तेव्हा तिथल्या पेशी वृषणाच्या पेशींसारख्या होऊ लागल्या. २०११ मध्ये प्रौढ नराच्या वृषणातून डीएमआरटी१ काढले, तर तिथल्या पेशी अंडाशयाकडे वळल्या. बाहेरून शांत, पक्की दिसणारी ओळखसुद्धा पेशीला जन्मभर राखावी लागते.

आता हे पेडण्याच्या किनाऱ्याला का कळायला हवे ते सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली: प्रौढांमध्ये सुमारे ८७ टक्के माद्या, पण लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक. तिथली वाळू तापत गेली आणि नर जन्मायचे जवळजवळ थांबले. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांची कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नावानिशी नोंद आहे. अंडी चोरीला जाऊ नयेत, कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नयेत म्हणून राखण होते, आणि ती व्हायलाच हवी. पण शंभर पिल्ले समुद्रात सुखरूप गेली आणि ती सगळीच्या सगळी माद्या असली, तर राखण अर्धीच झाली. आणि हे पिल्लाकडे पाहून कळत नाही. नर-मादी बाहेरून ओळखू यायला कासव प्रौढ व्हावे लागते.

म्हणून विणीचा हंगाम आखडू न देणे महत्त्वाचे. डिसेंबरच्या सुरुवातीला घातलेल्या अंड्यांचा निर्णायक काळ वर्षाच्या सर्वात गार दिवसांत येतो, मार्चच्या सुरुवातीच्या अंड्यांचा तापू लागलेल्या वाळूत. डिसेंबर आणि जानेवारी हेच महिने मोरजीवर पर्यटकांच्या गर्दीचे, दिव्यांचे आणि आवाजाचे असतात. उजेड पाहून कासवीण परत फिरली, तर जे घरटे हुकते त्यातून कदाचित नर निघाले असते. सुरूच्या झाडांची सावली, घरट्याची खोली, वाळूचा रंग, सगळ्याने एकदोन अंश इकडेतिकडे होतात, आणि इथे एकदोन अंशांतच सगळे आहे.

यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. अंडी घातल्याची तारीख आणि पिल्ले निघाल्याची तारीख या दोनच नोंदींवरून पुष्कळ अंदाज येतो: गार वाळूत अंडी जास्त दिवस घेतात आणि नर देतात, तापलेल्या वाळूत लवकर उबतात आणि माद्या देतात. मांद्रे, मोरजी, पेडण्याच्या शाळांनी विज्ञान प्रदर्शनासाठी दरवर्षी नवा देखावा करण्यापेक्षा एक काम हाती घ्यावे. वनखात्याच्या परवानगीने, घरट्यांपासून दूर, पुळणीवर हातभर खोल तापमापक ठेवून नोव्हेंबर ते मे रोजचे तापमान वहीत लिहावे. डिचोलीच्या शाळांनी त्यांना जोडून घ्यावे, मांडवीकाठच्या मातीचे तापमान लिहावे. एका वर्गाने वही दुसऱ्या वर्गाच्या हाती द्यावी आणि दहा वर्षे खंड पडू देऊ नये. आणि हिवाळ्यात मोरजीला रात्री जाणाऱ्या प्रत्येकाने मोबाइलचा दिवा बंद ठेवावा.